‘समाप्त’च्या पुढे

वायर संगणकात खुपसून डॉक्टर बोलक्या यंत्रातली जुनी पुस्तकं पुसायला लागले, तोच टेबलापलीकडून एक हात आला आणि यंत्रावर पालथा पडला.

“थांबा. आज नवीन काही भरायचं नाही.”

हात ऑपरेटर बाईंचा होता. बाईंची दृष्टी लहानपणीच गेलेली. टेलिफोनच्या कचेरीत सगळी नोकरी झाली, त्यामुळे नुसत्या ‘हॅलो’वरून समोरच्याला ताप आलाय की राग, हे त्या ओळखत. निवृत्त झाल्या आणि पुस्तकं ऐकायचं वेड लागलं. अंधांसाठीच्या या वाचनालयात त्या आपलं हातात मावणारं बोलकं यंत्र घेऊन येत, ऐकून झालेली पुस्तकं काढून नवी भरून नेत.

डॉक्टर काही खरे डॉक्टर नव्हेत. वाचनालयासाठी मंडळी आपापल्या घरी बसून पुस्तकं वाचत आणि ते ध्वनिमुद्रण पाठवून देत. त्यातला खोकला, शिंका, भांड्यांचा खणखणाट, कुत्र्याचं भुंकणं कापून काढायचं काम यांच्याकडे होतं. या कापाकापीला ते ‘ऑपरेशन’ म्हणत, म्हणून हे नाव पडलं आणि त्यांनी ते आनंदाने लावूनही घेतलं. नवं सॉफ्टवेअर आल्यापासून तर त्यांच्या हातून सुटलेलं पुस्तक इतकं चकचकीत असे की वाचणारा माणूस श्वास तरी घेतो की नाही, अशी शंका यावी.

“का हो बाई? ताईंचं नवं पुस्तक आलंय. तुम्हाला तर त्यांचाच आवाज लागतो.”

ताई म्हणजे वाचनालयासाठी कित्येक वर्षं पुस्तकं वाचून देणाऱ्या बाई. त्या परगावी राहत, मुद्रण टपालाने येई, आणि डॉक्टरांनी त्यांना कधी पाहिलंही नव्हतं.

“आधी मला एक सांगा,” बाई म्हणाल्या. “त्यांच्या घरी सगळं ठीक आहे ना?”

“असेल की. का?”

बाईंनी यंत्रावरचा हात काढला नाही.

“त्यांची मुलगी बोलत नाही हो.”

“कुठली मुलगी?”

“कुठली काय! अहो, पहिल्या पुस्तकात पाळण्याची कडी वाजायची. मग रांगायला लागली, ताटल्या ओढायची. ते राजाराणीचं जाडजूड पुस्तक नव्हतं का? त्यात ती मध्येच ‘आई, पाणी’ म्हणते आणि ताई वाक्य न तोडता भांडं पुढं करतात. कळतं ना मला, आवाज जरा वाकतो त्यांचा. नंतर पाढे आले. सातच्या पाढ्यात हमखास घसरायची. मी माझ्या घरी बसून मोठ्यांदा सांगायची!” बाई हसल्या, आणि हसता हसता थांबल्या. “आता गेल्या काही पुस्तकांत ती नाहीच. साधं पाऊल वाजत नाही. एवढी बडबडी पोर अशी एकाएकी गप्प होते होय?”

“मग आधीच विचारायचंत ना.”

“विचारलं नाही तोवर काही झालेलं नसतं, डॉक्टर. पण आता ताईंचं पुस्तक लावलं की गोष्टीत लक्षच लागत नाही. सगळा जीव त्या पलीकडच्या खोलीत. जे असेल ते सांगा. आडपडदा नको.”

पडद्यावर ताईंच्या आवाजाच्या रेषेत मध्येच एखादं टोक वर आलेलं दिसलं की ते छाटायचं, एवढंच डॉक्टरांना ठाऊक होतं. ते टोक कुणाचं, हे थांबून ऐकायची सवय त्यांना कधी लागली नव्हती.

“बाई, ती गप्प झालेली नाही. मी गप्प केलंय तिला.”

“म्हणजे?”

“घरातले आवाज मी काढून टाकतो. पूर्वी थोडेफार सुटायचे. आता एकही सुटत नाही.”

“तुम्ही काढता?” बाईंचा आवाज चढला. “अहो, मग सांगायचं नाही का! इथं मी नाही नाही ते मनात आणतेय आणि तुम्ही...” पुढचं रागावणं होतं की सुटकेचा नि:श्वास, ते रुमालात गेलं. नाक पुसून त्या सावरून बसल्या. “ऐकवा मला. तोंडी सांगून माझं समाधान व्हायचं नाही.”

मूळ मुद्रण डॉक्टर जपून ठेवत. ताईंचं ताजं पुस्तक त्यांनी काढलं आणि जिथे जिथे कात्री लावली होती, त्या जागा एकेक करून ऐकवायला सुरुवात केली. पंखा. शेजारी कुणी तरी ठोकत असलेला खिळा. पडलेला चमचा. पुन्हा पंखा.

“हे ताईंचं पाऊल,” बाई म्हणाल्या. “हल्ली जड पडतंय.”

मुलगी कुठेच नव्हती. आपण उगाच छातीठोकपणे बोलून बसलो असं डॉक्टरांना झालं. त्या घरात काय घडलं असेल, आपल्याला काय माहीत? ते घर माहीत होतं ते या बाईंना, आणि त्याच तर घाबरल्या होत्या.

शेवटचं प्रकरणही सरलं. ताईंनी “समाप्त” म्हटलं आणि डॉक्टरांचा हात बंद करायला गेला. ‘समाप्त’च्या पुढचं शेपूट ते पहिल्यापासूनच न ऐकता कापत आले होते. त्यात असून असून काय असणार!

“राहू द्या,” बाई म्हणाल्या.

खुर्ची सरकली. जड पावलं लांब गेली. बराच वेळ नुसता पंखा फिरत राहिला. मग दार करकरलं, हलकी पावलं धावत आली आणि माइकच्या अगदी जवळ कुणी तरी धापा टाकल्या.

“आई दूध बघायला गेलीय,” एक बारीक आवाज कुजबुजला. “तोवर मी वाचते हं. मागच्या पुस्तकाच्या शेवटी अस्वल विहिरीत पडलं होतं, आठवतंय ना? त्याच्या पुढचं.”

बाईंनी तोंडावर हात धरला. अस्वलाचं डॉक्टरांना काहीच आठवत नव्हतं; ते कधी ऐकलंच नव्हतं.

पानं फडफडली. मुलगी शाळेच्या पुस्तकातून वाचू लागली, आईसारखीच, प्रत्येक वाक्याअखेरी ऐटीत थांबत. एका जोडाक्षरापाशी अडली, मागे फिरली, शेवटी कसंबसं निभावलं. बाईंच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, आणि रुमाल हातातच असून ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

वाचता वाचता मुलगी थांबली.

“ऐकताय ना?”

आणि ती वाट बघू लागली. डॉक्टरांना ती शांतता सोसवेना. आजवर किती पुस्तकांच्या शेवटी ही पोर अशी थांबली असेल, या विचाराने त्यांचे डोळे भरून आले.

बाई आवाजाच्या दिशेने वाकल्या.

“ऐकतेय गं बाळा. वाच तू.”

“बरं,” मुलगी म्हणाली, आणि पुढचं वाचू लागली.