नारिंगी भांडं

सेवाग्रामच्या मातीच्या कुट्या बघायला इटलीहून आलेला एक घरं आखणारा माणूस पिपरी मेघेत रूपरावांकडे चार दिवस जेवला. त्यांची बायको अन्नपूर्णा, तिच्या हातचं पिठलं त्याला फार आवडलं. पुढं मिलानहून तिच्या नावानं पार्सल आलं. आत प्लास्टिकचं एक नारिंगी, गुळगुळीत, झाकणाचं भांडं. ना कडी, ना कान.

"हे काय होय व?" सासूबाई देवकाबाई म्हणाल्या. "एवढा मोठा देश, न् एक वेलबुट्टी नाई काढता आली?"

अन्नपूर्णेचा मात्र त्यावर जीव जडला. तिच्या नावानं या घरात आलेली ती पहिलीच वस्तू. शिवाय भांड्याला दुहेरी भिंत होती. सकाळी ठेवलेली बाळाची पेज दुपारपर्यंत कोमट राहायची, चूल पुन्हा पेटवावी लागायची नाही. तेवढा वेळ ती बाळाशेजारी आडवी होऊन त्याच्या जावळाचा वास घेत पडायची.

वैशाखात सत्यनारायण आला. दरवर्षी आरती संपेस्तोवर पंचामृत आंबायचं. प्लास्टिक देवाला चालतं का, हा प्रश्न वर्ध्याच्या उन्हानं सोडवला. जिल्ह्यात दारूबंदी झाली तेव्हा गल्लीभर साखर वाटणाऱ्या देवकाबाईंनी ते भांडं स्वतः धुतलं, आत तुळस टाकली आणि चौरंगाजवळ मांडलं.

देवकाबाईंचे नागपूरचे भाचे प्रभाकरराव बायकोला घेऊन आले होते. पंचामृताला हात पुढं केला आणि हसतच सुटले. "मामी, हे तं दारूच्या टेबलावरचं बर्फाचं भांडं होय! चिमट्यानं एक एक तुकडा काढतेत यातून."

पुढं आलेले हात तिथंच थांबले. अन्नपूर्णेनं बाळाला घट्ट धरलं. गेलं आता भांडं उकिरड्यावर, आणि त्याच्याबरोबर दुपारही.

देवकाबाईंनी पळी खाली ठेवली. "काऊन रे प्रभाकर, तुले कसं मालूम?"

"म्हंजे... पाह्यलं कुठंतरी."

"कुठी पाह्यलं?" हे त्यांच्या बायकोनं, मंदाबाईनं विचारलं. "तुमी तं सांगता, मी हापिसात चहाबी पेत नाई म्हून."

प्रभाकररावांना एकदम ठसका लागला. खाल्लं तर अजून काहीच नव्हतं.

देवकाबाईंनी पळी उचलली, काठोकाठ भरली. "धर हात. तुले दोन पळ्या देतो, गरज हाय." मग सुनेकडे न बघताच म्हणाल्या, "आन् हे सरलं का भांडं नीट धुऊन ठेवजो व. सकाळी पोराची पेज हाय."