पापणीएवढी स्प्रिंग

माझ्या थापांनी आजवर कुणाचं वाकडं झालं नव्हतं. ऐकणाऱ्यांची करमणूक व्हायची, माझी जीभ मोकळी व्हायची, बस्स. पण म्हातारपणी घड्याळं दुरुस्त करायचा छंद लागला आणि थापा मारताना हलणारे हात आणि चिमटा धरणारे हात एकच आहेत, हे माझ्या ध्यानात राहिलं नाही.

घड्याळ मेहुण्यांचं. ते जाऊन सहा वर्षं झाली. ते गेले आणि महिन्याभरात घड्याळही थांबलं. दोनच काटे, पाठीवर ओरखडे. चाळीस वर्षं ते त्यांच्या आणि ताईच्या उशांमध्ये टिकटिकत होतं. आता ताईचा डावा कान गेला होता आणि उजवाही जायला निघाला होता. डॉक्टर म्हणाले, "बारीक आवाज आधी जातील, मग बाकीचे. दोनेक महिने धरा."

ताई घड्याळ घेऊन माझ्याकडे आली. "एकदा ऐकव रे. मग कान गेला तरी जाऊ दे."

स्प्रिंग काढायची तर दोन्ही हात पारदर्शक पिशवीत घालायचे, आतल्या आत चिमटा चालवायचा. उडाली तरी जाते कुठे? हे मी जगाला शिकवत आलोय. पण ताई समोर बसलेली, आणि पिशवीत हात कोंबून गोष्ट कशी सांगणार? डोळ्याला भिंग लावून मी उघड्यावरच स्प्रिंग उचलली. पापणीच्या केसाएवढी. दिलेली किल्ली उलटी सुटू नये म्हणून तीच काय ती धरून ठेवते.

"मागे असाच एक स्क्रू उडाला, ताई, तो थेट समोरच्या न्हाव्याच्या मिशीत. वर्षभर बिचारा जेवताना टिकटिकत होता. आणि मिशी केवढी? तर ही एवढी!"

मी हात पसरले. चिमटाही पसरला.

"हलू नकोस!" मी ओरडलो.

ताईनं दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. मी पंखा बंद केला. टॉर्च फरशीवर आडवी ठेवली, म्हणजे कणाचीही सावली लांब पडते. लोहचुंबक फिरवला, कपडे पांढऱ्या चादरीवर झटकले, केर काढायच्या मशीनच्या तोंडाला पायमोजा बांधून कोपरे ओढले. तीन जुने स्क्रू मिळाले, माझा हरवलेला अर्धा दात मिळाला. स्प्रिंग नाही. आठ दिवस डोळ्याला तेच भिंग लावून मी फरशी वाचली. त्या जातीची स्प्रिंग बाजारात नव्हती, आणि तारेची घडवली ती मोडली.

नवव्या दिवशी ताई आली. "झालं?"

मी घड्याळ पुसून ठेवलं होतं, काटे जुळवले होते. "चालू झालं," तोंडातून निघून गेलं. वाटलं, चाळीस वर्षांची सवय, मनातच ऐकू येईल.

तिनं ते उजव्या कानाला लावून डोळे मिटले. खूप वेळानं म्हणाली, "नाही रे. बारीक आवाज गेले, म्हणजे हाही गेला म्हणायचा."

"ताई, अगं घड्याळच बंद आहे! मी खोटं बोललो!"

"लबाडा," ती हसली, "न्हाव्याची मिशी एक वेळ पटली मला. माझं मन राखायला आणखी थापा नकोत. ठेव तुझ्याकडेच."

त्या दिवसापासून तिनं कान गेलाच असं धरलं; रेडिओ लावला नाही, कुणाला फोन केला नाही. कान अजून दीड महिना तिच्या सोबत होता. तो तसाच गेला.

त्यानंतर एकदा भिंग पुसायला घेतलं. बाहेरच्या कडेला, तेलाच्या ओघळात, स्प्रिंग चिकटलेली. जिच्यासाठी फरशी वाचली, ती माझ्याच डोळ्यावर बसून होती.

घड्याळ चालू करून ताईकडे नेलं. पाटीवर लिहिलं, "आत्ता चालू झालं." तिनं मिनिटकाटा सरकताना नीट पाहिला आणि मोठ्यांदा म्हणाली, "बघ! म्हणजे तेव्हाही चालतच होतं. उगाच स्वतःला दोष देत होतास."

मी पाटीवर "नाही" लिहिलं.

तिनं हसून ते तळव्यानं पुसून टाकलं.