लाल दोरा नसलेली डबी

मित्रांनो, मला जुना म्हणा, पण खेळणं म्हणू नका. मी आठ मिलिमीटरच्या फिल्मचा, चावीवर चालणारा सिनेकॅमेरा आहे. नाशिक रोडला ढुंढिराज नावाच्या गृहस्थांच्या कपाटात राहतो. वय साठीच्या पुढे, तरी माझी स्प्रिंग तुटलेली नाही, आणि याचा मला नको तितका गर्व आहे. त्या गर्वापायी काय झालं, तेच सांगतो.

ढुंढिराजांनी मला मुंबईच्या एका दुकानातून आणलं, तेव्हा ते नोकरीला नुकते लागले होते. शहरात हौशी चित्रपटवाल्यांचं एक मंडळ होतं आणि त्याचं दोन पानी मासिक ढुंढिराज काढायचे. नाव ‘छोटं रीळ’. फिल्म कोणत्या दुकानात आली, प्रोजेक्टरचा पट्टा कुठे मिळेल, पावसाळ्यात भिंगाला बुरशी लागू नये म्हणून काय करावं, अशा बातम्या त्यात असत. शेवटी एक चौकट असे: ‘या महिन्याचा गाढवपणा’. चुकणाऱ्याचं नाव तिथे ठसठशीत छापलं जाई. लोक आधी ती चौकट वाचायचे, मग बातम्या.

आमच्या रिळाची एक खोड आहे. ते माझ्यातून एकदा पळतं, मग उलटून पुन्हा पळतं. दोन्ही बाजू भरल्या की मूळ चकतीवर परत येतं आणि कोऱ्यासारखंच दिसतं. भरलेलं कोणतं आणि कोरं कोणतं, हे रसायनात धुतल्याशिवाय कळत नाही. म्हणून ढुंढिराजांच्या घरी भरलेल्या रिळाच्या डबीला लाल दोरा बांधत. बांधायच्या त्यांच्या पत्नी, श्यामलाबाई. ढुंढिराज रीळ डबीत ठेवून नुसतं ओरडायचे, “दोरा!” स्वतः त्यांनी तो एकदाही बांधला नाही.

मंडळात मंगळू नावाचा एक सभासद होता. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामाला, गाव निफाडकडचं. त्याने आईला द्राक्षं तोडताना टिपलं. पुढे आई वारली, आणि त्याच रिळावर, कोरं समजून, त्याने मुलीचं बारसं टिपलं. रीळ धुऊन आलं आणि मंडळात लावलं, तेव्हा भिंतीवर पाळणा हलत होता आणि पाळण्यात म्हातारी द्राक्षं तोडत होती. सगळे हसून हसून लोळले.

मंगळू उभा राहिला. “बंद करा ना साहेब. माझी आई हाय ती. दुसरा फोटोबी नाय तिचा.”

“थांब रे, परत लावू,” ढुंढिराज डोळे पुसत म्हणाले. “मागच्यांना नीट दिसलं नाही.”

परत लावलं. चौकटीत मंगळूचं नावही आलं. तो पुन्हा मंडळात फिरकला नाही. मीसुद्धा तेव्हा मनातल्या मनात खूप हसलो होतो.

पुढे श्यामलाबाई आजारी पडल्या. ढुंढिराजांनी घाईघाईने एक रीळ त्यांच्यावर खर्च केलं, कारण इतक्या वर्षांत बायकोला टिपायचं त्यांना सुचलंच नव्हतं. श्यामलाबाई हाताने “पुरे, पुरे” म्हणायच्या. “अहो, माझं काय बघायचंय?” म्हणून हसायच्या. रीळ संपलं त्याच सकाळी त्यांना दवाखान्यात नेलं. ढुंढिराज छत्री घ्यायला परत वर आले, जाता जाता रीळ डबीत ठेवलं आणि सवयीने ओरडले, “दोरा!” घरात कुणीच नव्हतं. श्यामलाबाई परत आल्या नाहीत.

महिन्याभराने ढुंढिराजांनी ते रीळ शोधायला घेतलं. लाल दोऱ्याच्या एकेका डबीतलं रीळ धुऊन आणलं. श्यामलाबाई कशातच नव्हत्या. त्याच सुमारास मंगळू सांत्वनाला आला. ढुंढिराजांनी त्याला दारातच विचारलं, “तूच नेलीस ना डबी? सूड उगवलास?” मंगळू चपला हातात घेऊनच जिना उतरला.

कोऱ्या समजून ठेवलेल्या बिनदोऱ्याच्या तीन डब्या माझ्या शेजारी बेचाळीस वर्षं पडून होत्या.

गेल्या वर्षी ढुंढिराजांच्या नातीने, यशश्रीने, कपाट उघडलं. ‘छोटं रीळ’ आता फोनवर येतं. योगेश नावाचा एक तरुण ते चालवतो. त्यात बातमी होती की पुण्यात कुणीतरी जुनी काळी-पांढरी रिळं हाताने धुऊन देतं. ढुंढिराजांनी बिनदोऱ्याची एक डबी तिच्या हातात दिली. “ही कोरी आहे. बिनधास्त वापर.”

मित्रांनो, फिल्म ओढणाऱ्या माझ्या एका दातामुळे तिच्या कडेला बारीक ओरखडा पडतो. पहिल्याच फुटाला मला माझा ओरखडा लागला. मी ओळखलं, हे रीळ आधीच भरलेलं आहे. एकदा अडकलो असतो तरी भागलं असतं. पण यशश्री म्हणाली, “आजोबा, काय स्मूथ चालतोय हा!” बेचाळीस वर्षांनी कुणीतरी माझं कौतुक केलं होतं. मी न अडकता दोन्ही बाजू पळालो.

रीळ पुण्याहून धुऊन आलं आणि योगेशने खेळ ठेवला. मला टेबलावर मांडलं. जुना प्रोजेक्टर कुणाला चालवता येईना, म्हणून त्याने एका जुन्या सभासदाला एकलहऱ्याहून आणलं होतं. तो मंगळू होता.

भिंतीवर उन्हातला गोदाघाट आला, मध्ये मला मैत्रिणीच्या हाती देऊन उभी राहिलेली, काळ्या कुर्त्यातली यशश्री. त्या काळ्या कुर्त्यात एक बाई हात हलवत होती. पुरे, पुरे. यशश्री जरा सरकली की बाई उन्हात पुसली जायची.

“एक नंबर इफेक्ट!” योगेश ओरडला. पोरांनी टाळ्या वाजवल्या, फोन वर केले.

“बंद करा,” ढुंढिराज म्हणाले. “ती माझी बायको आहे.” टाळ्यांमध्ये ते कुणाला ऐकूच गेलं नाही. रीळ संपलं.

मंगळूला मात्र ऐकू गेलं होतं. रीळ गुंडाळत त्याने शांतपणे विचारलं, “साहेब, परत लावू का?”

ढुंढिराज उठले. खुर्ची ओढत थेट भिंतीजवळ नेली. “लाव,” ते म्हणाले. “मला नीट दिसलं नाही.”

मंगळूने ते रीळ पाच वेळा लावलं. दर वेळी त्याने विचारलं आणि दर वेळी ढुंढिराजांना “लाव” म्हणावं लागलं.

मित्रांनो, भरलेल्या डबीवर स्वतःच्या हाताने नाव लिहा. दोरा बांधणारं माणूस कायम घरात नसतं. आणि माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र मध्येच अडकलं, तर लगेच शिव्या देऊ नका. ते तुम्हाला थांबवत असेल. मला तेवढंही जमलं नाही.