खोवलेलं रान

खाणीत त्याला सगळे माळीबुवा म्हणत. हुद्दा पर्यावरण अधिकाऱ्याचा, शिक्षण रसायनशास्त्राचं, आणि हाताचा गुण असा की त्याने लावलेलं एकही रोप जगलं नव्हतं. खाणीतून उपसलेल्या मातीचा डोंगर वस्तीच्या उशाशी उभा होता. त्यावर झाडं वाढवायची, म्हणजे वस्तीवर येणारी धूळ अडेल. झाडं नसतील तर खाण बंद, अशी परवानगीतच अट होती. माळीबुवाने रोपं आणली, लावली, पाणी घातलं. थंडी तोंडावर आली तोवर सगळ्यांनी माना टाकल्या होत्या.

त्यातच तपासणीची तारीख येऊन ठेपली आणि माळीबुवाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याच्या बायकोचा भाऊ खाणीत डंपर चालवायचा. तो म्हणाला, "भाऊजी, थंडीत कुठल्या झाडाला पानं असतात? काठी आहे की झाड, हे उन्हं तापेपर्यंत कुणाच्या बापाला कळायचं नाही."

खाणीतलं पाणी जिथे निवळायला सोडत, त्या तळ्याच्या काठाला वाळुंजाची झाडं होती. मेहुण्याने त्यांच्या फांद्या डंपरभर तोडून आणल्या. बायका केसांत फूल खोवतात तशा दोघांनी त्या डोंगरभर खोवल्या. मेहुणा काम करताना मोठ्याने गात होता. माळीबुवा मान वर करत नव्हता.

आणि मग तपासणी झालीच नाही. रस्ता बर्फाने बंद झाला, तारीख पुढे गेली, पुन्हा पुढे गेली. सबंध हिवाळा माळीबुवा डोंगराकडे फिरकला नाही, तर डोंगरच त्याच्याकडे येऊ लागला. दुपारी ऑफिसातल्या हीटरपाशी डोळा लागला की त्या काठ्या रांगेने खाली उतरत, दाराशी थांबत आणि हळूच विचारत, "आम्ही कोण?" तो दचकून जागा व्हायचा. खिडकीबाहेर कोळशाची धूळ बर्फावर अलगद उतरत असायची.

अखेर इन्स्पेक्टर बाई आल्या. निवृत्तीला टेकलेल्या, डोक्याला लोकरी टोपी, काखेत थर्मास. कुणाच्याही सख्ख्या आत्या शोभाव्यात अशा. त्यांनी तळ्याचं पाणी बाटलीत भरून घेतलं, धुळीचं यंत्र पाहिलं आणि म्हणाल्या, "चला, तुमचं रान दाखवा."

डोंगर चढताना धुकं इतकं दाट झालं की खाली खाण उरलीच नाही. नुसती घरघर ऐकू यायची. डंपरचे पिवळे दिवे वाट चुकलेल्या जनावरांसारखे फिरत होते. आपण जागे आहोत की हीटरपाशी बसलोय, माळीबुवाला कळेना. त्याने स्वतःला चिमटा काढला, पण हातमोज्यातून काही लागलं नाही.

"झोपलीत वाटतं झाडं," बाई म्हणाल्या.

"हो मॅडम. थंडी फार आहे ना."

"चांगली गाढ झोपलीत." त्या चार पावलं पुढे गेल्या आणि वाकल्या. "हे मात्र शीर्षासन करतंय."

"म्हणजे?"

"याचे डोळे बघा. कोंब फुटतात ना, ते डोळे. सगळे खाली जमिनीकडे बघतायत."

माळीबुवाने मनातल्या मनात मेहुण्याचा उद्धार केला. बाईंनी काठी धरून ओढली. ती हलली नाही. माती गोठून दगड झाली होती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच माळीबुवाला थंडीवर माया दाटून आली.

"बर्फाने धरून ठेवलंय," बाई स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. त्यांनी थर्मासचं झाकण उघडलं आणि गरम चहा काठीच्या बुंध्याशी गोल ओतला. "साखर आहे त्यात. चालेल ना हिला?"

वाफ वर आली, धुक्यात मिसळली. त्या वाफेत माळीबुवाला खाणीचं बंद फाटक दिसलं. भर दुपारी पायरीवर बसून राहिलेला मेहुणा दिसला. सगळी वस्ती दिसली, धुळीतून सुटलेली आणि पोटापाण्यावाचून गप्प झालेली. माती सैल झाली तशी बाईंनी दोन्ही हातांनी काठी उपसली.

काठीच्या टोकाला मुळं होती. बारीक, पांढरी, तान्ह्या बाळाच्या जावळासारखी मऊ. त्यांच्यात मातीचा एक चिमुकला गोळा घट्ट धरलेला होता.

माळीबुवा बघतच राहिला. त्याने हातमोजा काढून एका मुळाला बोट लावलं. ते गार होतं आणि खरं होतं.

बाईंनी पेन काढलं. "कधी लावलीत ही?"

"पावसाळ्यात" एवढा एकच शब्द. जिभेच्या टोकावर येऊन बसलासुद्धा. मुळं समोर होती, खोटं पाडणारं कुणी नव्हतं, खाण वाचत होती. पण ती काठी उलटी खोवलेली असून खोटी राहिली नव्हती. तिच्या देखत खोटं बोलायला माळीबुवाची जीभ रेटेना.

"लावली नाहीत मॅडम. खोवली. थंडीच्या सुरुवातीला, तुम्हाला फसवायला. वाळुंज असं रुजतं हे मला ठाऊक नव्हतं."

"वाळुंजाचं मला ठाऊक होतं," बाई म्हणाल्या. "तुमचं ठाऊक नव्हतं."

त्या बराच वेळ लिहीत राहिल्या. पेनातली शाई थंडीने अडत होती, तेव्हा त्या टोकावर फुंकर मारत.

"खाण बंद?" माळीबुवाने विचारलं. आवाज त्याचा त्यालाच लांबून आल्यासारखा वाटला.

"फसवणूक लिहिली आहे. तुमच्या नावावर. मुळंही लिहिली आहेत, तीसुद्धा तुमच्याच नावावर. पानं फुटली की मी येईन. नाही फुटली, तर बंद. तोवर वस्तीच्या अंगाने एकही डंपर जाणार नाही." त्यांनी काठी त्याच्या हातात दिली. "लावा परत."

"सरळ करून लावू?"

"छे! आता पाय तिकडेच फुटलेत ना."

बाई उतरून धुक्यात नाहीशा झाल्या. मेहुणा धापा टाकत वर आला तेव्हा माळीबुवा गुडघे टेकून बसला होता आणि उघड्या हातांनी माती दाबत होता.

"गेली का बया? वाचलो का आपण?"

"पानांवर आहे."

"भाऊजी, अहो, ही उलटी लावताय तुम्ही."

"तूच लावलीयेस."

मेहुणा हसायला गेला, तोच मातीतून डोकावणारी पांढरी मुळं त्याला दिसली. तोही शेजारी बसला. मग त्याने गळ्यातला मफलर काढला आणि काठीच्या बुंध्यापासून वरपर्यंत गुंडाळला, लहान मुलाला गुंडाळावं तसा. वाऱ्याने मफलरचं टोक हललं. खालून कुणी पाहिलं असतं, तर त्याला वाटलं असतं, धुक्यात दोन माणसं बसली आहेत आणि तिसरं कुणीतरी त्यांच्यामध्ये उभं आहे.