चार औषधं आणि एक

युगांडात, कंपालातल्या आमच्या रुग्णालयात स्वादुपिंडाच्या कॅन्सरवाल्यांची केमो मंगळवारी असते. अकरा वर्षं मी त्या वॉर्डात नर्स आहे. कबुसूदादा आणि एडिसाबाई यांना शेजारच्या खुर्च्या मिळाल्या, तेव्हापासून दोघांची जुगलबंदी सुरू झाली.

दादा सत्तरीचे, निवृत्त बसड्रायव्हर. हृदय कमजोर, म्हणून त्यांना एकच औषध. अर्ध्या तासात सलाईन संपायचं की निघाले घरी. एडिसाबाई अठ्ठावन्नच्या, चटया विणून विकायच्या. अंगात ताकद होती, म्हणून त्यांना चार औषधं एकत्र. पंधरा दिवसांनी यायच्या आणि तिसऱ्या दिवसापर्यंत सलाईनला बांधलेल्या असायच्या.

"तुझ्या दिमतीला चार शिपाई, बाई. मला एक म्हातारा वॉचमन," दादा म्हणायचे.

"तुमचा वॉचमन झोपू तरी देतो. माझे चौघं घरातली भांडी फोडतात."

दादांना संध्याकाळी ताप चढायचा, पायांवर पुरळ उठायचं, मग दोन दिवस ते नुसते पडून असायचे. बाईंचं निराळंच. उलट्या, जुलाब, तोंडभर फोड. मऊ मटोके, म्हणजे उकडून कुस्करलेली कच्ची केळीसुद्धा गिळवेनात. गार पाण्याला हात लावला की सुया टोचायच्या. पाचव्या खेपेनंतर बोटं बधिर झाली, गवताची काडी बोटांत आहे की नाही, हे डोळ्यांनी बघावं लागे.

सहाव्या खेपेला बाई डॉक्टर अतिम यांना म्हणाल्या, "मला दादांचं औषध द्या."

डॉक्टर शेजारी बसल्या. "चारांनी सहसा जास्त दिवस मिळतात, त्रासही जास्त. एकाने त्रास कमी, दिवसही बहुधा कमी. तुमचं नक्की काय होईल, ते मलाही सांगता येणार नाही. बोटं बधिर करणारं तेवढं थांबवून बघू का?"

"दोन महिने मी खाट ते संडास, संडास ते खाट केलंय, डॉक्टर. आता नाही ओढवत."

दादा ताडकन उठून बसले. "हात जोडले होते मी यांच्यापुढे, मला चार द्या म्हणून! नाही दिली. आणि तू मिळालेली टाकतेस?"

"मग माझी बोटंही घ्या! माझं तोंडही घ्या!"

डॉक्टरांनी बाईंना दादांचंच औषध सुरू केलं. त्यानंतर दोन मंगळवार दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. दादा भिंतीकडे तोंड करून बसायचे.

तिसऱ्या मंगळवारी दादांच्या पांढऱ्या पेशी फार खाली गेल्या होत्या आणि ताप उतरत नव्हता. औषध थांबवून आम्ही त्यांना भरती केलं. दुसऱ्या दिवशी बाई बाजरीची पेज घेऊन आल्या. जिना चढून इतक्या दमल्या होत्या की आधी स्वतःच खाटेच्या कडेवर टेकल्या. मग भरवायला गेल्या, तर चमचा बोटांतून निसटला आणि पेज दादांच्या छातीवर सांडली.

"ड्रायव्हिंग नाही जमत तुला," दादा म्हणाले.

बाई हसता हसता रडायला लागल्या. मी चादर बदलली.

"मला वाटायचं, माझा वॉचमन गरीब आहे," दादा हळूच म्हणाले. "बघ, त्यानेही पाडलंच."

"मला चीड तुमची नव्हती आली, दादा. मी दमले होते."

"मीही."

बाईंनी कप दोन्ही तळव्यांत धरला आणि त्यांच्या तोंडाला लावला. निम्मी पेज गेली.

नऊ दिवसांनी दादा घरी गेले. मग कमी मात्रेत औषध चालू केलं, पण ऑगस्टमध्ये ते गेले. बाईंच्या तोंडातले फोड महिन्याभरात बरे झाले, त्या शेंगदाण्याच्या रश्शाशी मटोके खायला लागल्या. बोटं मात्र औषध बदलूनही आणखी काही आठवडे बिघडतच गेली, मग थोडी सुधारली. विणणं काही परत जमलं नाही. थकवा होताच, पण अंगणात खुर्ची टाकून शेजारणींशी गप्पा मारण्याइतकी ताकद असायची. मार्चमध्ये त्या गेल्या.

त्यांचा मुलगा उलटीच्या उरलेल्या गोळ्या परत द्यायला आला. "सिस्टर, चार औषधं चालू ठेवली असती, तर आई जास्त जगली असती?"

"कदाचित," मी म्हटलं. "पण कशी जगली असती, ते सांगता येत नाही."

त्याने गोळ्या माझ्या हातात दिल्या. मग "वेबाले, सिस्टर," असे आभार मानून गेला. मी गोळ्यांवरची तारीख तपासली, त्या कपाटात ठेवल्या, आणि बाही वर करून बसलेल्या पुढच्या माणसाची शीर शोधायला लागले.