मागच्या एक्सलचं तेल

अरुणा गेली ते रघुवीरला जहाजावर कळलं. कप्तान स्वतः जिना उतरून खाली इंजिन कंट्रोल रूममध्ये आला, तेव्हाच रघुवीरच्या मनात पाल चुकचुकली. काम असलं की कप्तान फोन करतो, खाली येत नाही. "चीफ, घरून फोन आहे, वर चला," एवढंच तो म्हणाला आणि रघुवीरच्या हातातला टॉर्च त्याने आपल्या हातात घेतला.

फोनवर शिरीष होता. शिरीष आणि त्याची बायको सुलेखा सिंगापुरात, यिशुनमध्ये, शेजारच्याच ब्लॉकमध्ये राहायचे. दोन्ही घरांचं अनेक वर्षांचं जाणं-येणं. "रघू, वहिनी गेल्या रे. ऑफिसात, बसल्या जागी. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत संपलं होतं." मग तो रडायला लागला आणि रडता रडता म्हणाला, "अरे, गेल्याच महिन्यात हार्टची टेस्ट झाली होती ना! सगळं नॉर्मल होतं! सुलेखा गेली होती सोबत!"

त्या फोनमधली हीच गोष्ट रघुवीरच्या डोक्यात घर करून बसली. टेस्ट नॉर्मल होती, तर माणूस गेलं कसं?

पुढच्या बंदरात जहाज सोडून तो घरी आला. दिवसकार्य झालं. मग तो हॉस्पिटलात गेला आणि बायकोच्या टेस्टचा रिपोर्ट मागितला. काउंटरवरच्या बाईने संगणकात पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि नम्रपणे सांगितलं की या नावाने अशी टेस्ट आमच्याकडे झालेली नाही.

"दाबलं त्यांनी," शिरीष म्हणाला. "रेकॉर्डच गायब! मी तुला सांगतो रघू, यांना सोडायचं नाही."

रघुवीरला ते पटलं. सगळा जन्म इंजिनरूममध्ये गेलेला माणूस तो. नव्या जहाजावर चढला की आधीचा चीफ काहीही सांगो, टाकीत किती तेल आहे ते हा स्वतः माप टाकून बघणार. लोक कागदावर काय वाटेल ते लिहितात, हे त्याने पुष्कळ पाहिलं होतं. मुलगी किमया क्लेमेंटीला खोली घेऊन विद्यापीठात शिकत होती. ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही राइस कुकरवर पण डाउट घेता, लाह. प्लीज, लेट मम्मा गो." तो तिच्यावर चिडला. कुणीतरी चुकलं होतं आणि ते कोण, हे कळल्याशिवाय त्याला झोप लागणार नव्हती.

अरुणाच्या आईला भेटायला तो साताऱ्याला जाऊन महिनाभर राहिला. परत आला तेव्हा गाडी त्याच्या नावावर व्हायची कामं उरकली होती.

ही गाडी अरुणाने हौसेने घेतली होती. जुनीच, पण फोर बाय फोर, चौकोनी, उंच. सिंगापुरात चिखलाचा रस्ता औषधालासुद्धा सापडत नाही, तिथे असली गाडी कशाला, असं रघुवीरने तेव्हा जहाजावरून विचारलं होतं. "तू समुद्रात फिरतोस, मी डांबरावर तरी फिरते," ती म्हणाली होती. तिला या नादाला लावलं ते शिरीषने. शिरीष बँकेत आयटी मॅनेजर. पण रविवारी हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या त्या मंडईत, फोर बाय फोरवाल्या मराठी लोकांचं टोळकं जमायचं, तिथे तो गुरू. त्याच्या गाडीला वर रॅक, पुढे अडकलेली गाडी ओढायचा विंच, बाजूला फावडं आणि मागे मलेशियातल्या जंगलांचे स्टिकर. गाडीच्या मडगार्डवर मात्र कधी धूळ बसलेली कुणी पाहिली नव्हती.

"आता तू नवा मालक," शिरीष त्याला म्हणाला. "आधी लिफ्ट किट घाल, गाडी दोन इंच उंच होते. मग टायर मोठे. परवानगीचं मी बघतो, कुठला फॉर्म कुठे जातो ते मला पाठ आहे."

"आधी तेल बघतो," रघुवीर म्हणाला.

"तेल? अरे, वहिनींनी जानेवारीत सर्व्हिस केलीय. काचेवर स्टिकर आहे बघ. आणि तू नव्हतास तर मी दर रविवारी फिरवून आणायचो, बॅटरी उतरू नये म्हणून."

"तरी बघतो."

बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये गाडी उघडायला बंदी. म्हणून त्याने औद्योगिक वसाहतीत गाडी उचलायची लिफ्ट तासाच्या भाड्याने मिळते ते गॅरेज गाठलं. गाडी वर घेतली आणि पुढून सुरुवात केली. इंजिनचं तेल ठीक. ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी, तीही ठीक. मागच्या एक्सलच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो, डिफरन्शियलचा, त्याचा खालचा बोल्ट त्याने सैल केला आणि ट्रेमध्ये जे पडायला लागलं ते बघून तो बोल्ट हातात धरून उभाच राहिला.

तेल मधासारखं दिसायला हवं. हे चहासारखं होतं, भरपूर दूध घातलेल्या.

तेलात पाणी. पावसाने असं होत नाही, धुण्यानेही नाही. गाडी चालून चालून तो गोळा तापतो. मग तो गार पाण्यात बुडाला आणि बुडालेलाच राहिला, तर आतली हवा आकसते आणि हवा खेळायला वर जी बारीक नळी असते, त्या श्वासनळीतून पाणी आत ओढून घेते. म्हणजे ही गाडी एक्सल बुडेल इतक्या पाण्यात उभी राहिली होती. जानेवारीनंतर. तेव्हा तो हिंदी महासागरात होता, आणि अरुणाचं सगळं जाणं-येणं ऑफिस, भाजी आणि फार तर पुलापलीकडे मलेशियात, जोहोर बाहरूच्या बाजारापर्यंत. मलेशियात हल्ली पासपोर्टवर शिक्केही मारत नाहीत, नाहीतर त्याने तेही तपासले असते.

उरला कोण? ज्याच्याकडे दुसरी किल्ली होती तो.

रघुवीरने एका पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ते तेल भरून घेतलं.

रविवारी तो हॉकर सेंटरला गेला तेव्हा शिरीषचा वर्ग भरला होता. धवल नावाच्या तरुण पोराने नवी गाडी घेतली होती, आणि शिरीष कॉफीचा कप बाजूला सरकवून त्याला समजावत होता. "कोरड्या डांबरावर फोर व्हील टाकायचं नाही, काय? वळताना गिअर एकमेकांत अडकतात. पण महिन्यातून एकदा पावसात, सरळ रस्त्यावर, थोडं चालवायचं. नाहीतर आतलं तेल खाली बसतं नि वरचे गिअर सुके पडतात. आणि लाइट बार लावायचा मोह..."

"आणि पाण्यात घालायची असेल तर?" रघुवीरने विचारलं आणि बाटली टेबलावर ठेवली.

"हे काय, तेह तारिक?" इथल्या दुधाळ चहाचं नाव घेऊन धवल हसत म्हणाला.

"माझ्या गाडीच्या मागच्या एक्सलमधून निघालंय. शिरीष, कुठे नेली होतीस?"

शिरीषला आधी कळेचना. मग कळलं. "मी? रघू, अरे मी माझी स्वतःची गाडी डबक्यात घालत नाही!"

सगळे हसले, कारण ते खरं होतं. रघुवीर नाही हसला.

"म्हणूनच माझी घातलीस," तो म्हणाला. "माझी बायको जाऊन महिना झाला नव्हता. मी तिच्या आईपाशी बसलो होतो, आणि तू इकडे तिच्या गाडीवर हौस भागवून घेत होतास. वर सांगतोस, बॅटरी उतरू नये म्हणून."

शिरीषचं तोंड आधी लाल झालं, मग उतरलं. त्याने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि त्यातली एक सोडवायला लागला. कडी घट्ट होती. नख लागेना, तरी कुणी मदतीला पुढे झालं नाही. शेवटी ती निघाली. त्याने ती बाटलीशेजारी ठेवली.

"वहिनींना मी खांदा दिलाय, रघू," तो म्हणाला. "तू नव्हतास तेव्हा." आणि निघून गेला.

रघुवीर घरी आला तो समाधानाने. निदान एक चोर सापडला, असं त्याला वाटलं. एका बाबतीत खोटं बोलणारा माणूस दुसऱ्या बाबतीतही बोलत असेल, असंही मनात आलं. टेस्ट नॉर्मल होती, हे तरी कुणी सांगितलं होतं? शिरीषनेच.

दोन-चार दिवसांनी सकाळी सुलेखा आली. शिरीष ऑफिसला गेल्यावर. बसली नाही.

"भाऊजी, गाडी त्यांनी नाही नेली."

"त्याने पाठवलं तुम्हाला?"

"त्यांना माहीत नाही मी आलेय ते. गाडी अरुणाने नेली होती. मी बाजूला बसले होते."

रघुवीरने तिच्याकडे नीट पाहिलं. नवऱ्याला वाचवायला बायका काहीही सांगतील, असं त्याच्या मनात आलं. "कुठे नेली होती?"

"मलेशियात, कोटा तिंगीच्या पुढे. तेलमाडांचे मळे आहेत ना, त्यांच्यामागे एक नदी आहे. तिथला एक माणूस चार-पाच गाड्या घेऊन जातो, त्याच्याबरोबर. आम्ही दोघीच बायका."

"गिअर कुठला होता?"

"काय?"

"पाण्यात शिरताना. तुम्ही बाजूला होतात ना? कुठला टाकला होता तिने?"

सुलेखाला राग आला. पण तिने उत्तर दिलं. "लो. तो वेगळा दांडा असतो, तो ओढला. म्हणाली, आता ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा नाही, सावकाश जात राहायचं. आणि मध्यावर पाणी दाराशी आलं तशी मी किंचाळले. माझ्यामुळे तिने पाय काढला. गाडी बंद पडली. मग तो माणूस दोर लावेपर्यंत बसलो तशाच. पाणी आत आलं, माझी एक चप्पल वाहून गेली." ती थांबली. "हसत सुटली होती हो ती. म्हणाली, रघूला कळलं तर चेकलिस्ट पाठवेल."

रघुवीर खुर्चीत बसला. मध्यावर थांबली होती. तापलेला गोळा, गार पाणी, आणि दोर येईपर्यंतचा वेळ. हे बनवून सांगता येण्यासारखं नव्हतं. शिरीषला स्वतःलासुद्धा ते सुचलं नसतं.

"कधी गेला होतात?"

सुलेखा आता खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. आणि त्याला एकदम कळलं, की ती गाडीबद्दल सांगायला आलेली नाही.

"त्याच शनिवारी," ती म्हणाली. "टेस्टच्या."

"टेस्ट सकाळी होती ना?"

"टेस्ट झालीच नाही, भाऊजी. तिने आदल्या दिवशी फोन करून पुढे ढकलली. त्या माणसाची ती एकच तारीख होती, पुढे पावसात नदी बंद होते म्हणाला. घरी सांगून ठेवलं होतंच की हॉस्पिटलला जातोय. संध्याकाळी शिरीषनी विचारलं, काय झालं टेस्टचं? मी म्हटलं, नॉर्मल. तोंडातून निघून गेलं."

खाली खेळाच्या जागेत कुणाचं तरी पोर ओरडत होतं. रघुवीरला काउंटरवरची ती बाई आठवली. तिने दोनदा पाहिलं होतं. ती खरं बोलत होती, आणि तो तिला चोर समजून घरी आला होता.

"पुन्हा तारीख घेतली होती तिने?"

"घेतली होती."

"कधीची?"

"ती गेली त्याच्या पुढच्या गुरुवारची."

मग सुलेखा म्हणाली, "शिरीष अजून रोज म्हणतात, टेस्ट करणाऱ्यानेच घात केला. मी जेवायला वाढत असते आणि ते म्हणत असतात. त्यांना कळलं की टेस्ट झालीच नव्हती, आणि मला माहीत होतं... ते घराबाहेर नाही काढणार मला. पण पुन्हा माझ्याकडे मान वर करून बघणार नाहीत. तुम्ही त्यांना सांगू नका. मी सांगेन. पण आत्ता नाही."

"मग माझ्याकडे कशाला आलात?"

"ते जेवत नाहीयेत," ती म्हणाली. "तुम्ही त्यांना चोर म्हणालात तेव्हापासून."

ती गेल्यावर रघुवीरने तिच्या बोलण्यात कुठे खोट सापडते का ते पाहिलं. सवयच ती. पुढून पाहिलं, मागून पाहिलं. खोट नव्हती. कुणी रेकॉर्ड दाबलं नव्हतं, कुणी हौस भागवून घेतली नव्हती. अरुणाला एक दिवस नदीत जायचं होतं आणि ती गेली होती. त्याला सांगून गेली असती तर त्याने काय केलं असतं, हे त्यालाही ठाऊक होतं. चेकलिस्ट पाठवली असती, आणि तिच्यात पहिल्या ओळीत लिहिलं असतं, की आधी टेस्ट.

दुसऱ्या दिवशी त्याने गॅरेजमध्ये जाऊन एक्सल नव्या तेलाने दोनदा धुऊन काढला आणि मग भरला. श्वासनळीला लांब पाइप जोडून तो वर बॉनेटपर्यंत नेला. आता गाडी पुन्हा पाण्यात थांबली तरी आत थेंब जाणार नव्हता.

घरी येताना शिरीष लिफ्टपाशी भेटला. ऑफिसची बॅग खांद्याला, दाढी वाढलेली. रघुवीरने हाक मारली, "शिरीष."

"बोल."

रघुवीरने तोंड उघडलं. चूक झाली म्हणावं, तर तो विचारणार, तुला कुणी सांगितलं? मग सुलेखाचं नाव येणार, त्यामागून तो शनिवार येणार. एक्सलचं रबरी सील जुनं होतं, तिथूनच पाणी गेलं, असं सांगता आलं असतं. शिरीषने ते मानलंही असतं, त्याला एक्सलमधलं तेवढंच कळतं. पण लिफ्ट आली, शिरीष आत गेला, दार बंद झालं.

रविवारच्या टोळक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शिरीष आता काही लिहीत नाही. धवलने परवा विचारलं होतं की दोन इंच लिफ्ट घालू का. कुणीच उत्तर दिलं नाही, शेवटी रघुवीरने लिहिलं, आधी तेल बघ. हॉस्पिटलची तक्रार करायचा बेत त्याने सोडून दिला आहे. टेस्ट झाली नव्हती हे किमयाला अजून सांगितलेलं नाही. शिरीषची माफी मागायची राहिली आहे.