दोन बाह्यांचं पोट

मी एक जुना सायलेन्सर आहे, मित्रांनो. आधी माझं पोट दिसतं, मग मी. कराडच्या बादशहा मिस्त्रींनी मला शर्यतीच्या मोटारसायकलीसाठी घडवलं. इंजिनातून न जळता निसटणारं पेट्रोल हे पोट धक्का देऊन परत आत लोटतं. त्यानेच ताकद वाढते.

पण दोन्ही टोकांना निमुळतं पोट पत्र्यातून कापायचं कसं? चार पत्रे वाया गेले, तेव्हा त्यांच्या पत्नी शमशाद शिलाई मशीनवरून म्हणाल्या, "आवं, जीनतच्या झग्याची बाही बघा की! दंडाला अरुंद, मनगटाला घेर."

मिस्त्रींनी लेकीच्या ईदच्या नव्या झग्याच्या बाह्या उसवून पत्र्यावर ठेवल्या, तसे तुकडे कापले, घेराला घेर जोडला आणि मी जन्मलो. एका बाहीवर त्यांचा ग्रीसचा अंगठा उमटला. छोटी जीनत ईदभर रुसली.

पुढे मी अकरा शर्यती जिंकल्या. लोक कौतुकाने माझ्या तापलेल्या पोटाला हात लावत आणि भाजलेली बोटं चोखत घरी जात.

मागच्या वर्षी मिस्त्री गेले. जीनतने गॅरेज उघडं ठेवलं, पण गिऱ्हाईक उरलं एकच, माझ्या गाडीचा मालक जयराज.

"ताई, ह्ये पोट काढ. आवाज लय दबतोय. आवाज न्हाई तर ताकद कुठली?"

"आवाजात ताकद असती, तर तू पळतच पहिला आला असतास की रं!"

त्याने ऐकलं नाही. सरळ नळी बसवली आणि मला गॅरेजमागे टाकलं. तिथे ट्रॅक्टर मागे घेताना त्यानेच माझं पोट चपटं केलं. सरावाला गाडी अशी गरजली की कोंबड्या छपरावर चढल्या. चढावर मात्र एक दूधवाला किटल्यांसकट तिच्या पुढे निघून गेला.

"ताई, पोट परत बसीव," जयराज मान खाली घालून म्हणाला. "पण रविवारी कडेगावच्या शर्यतीत हरलो, तर गाडी साताऱ्याच्या मिस्त्रीकडं न्हेणार."

गाडी गेली, की गॅरेजला कुलूप.

जीनतने पेटीतून झगा काढला, बाह्या उसवल्या, पत्र्यावर पसरून खडूने रेघ मारली.

"जोडाला जागा सोड," शमशाद मागून म्हणाल्या. "तुझे अब्बा विसरायचे."

नवं पोट लावून मी पुन्हा गाडीवर चढलो आणि रविवारी जयराज पहिला आला. गाडीवर बसूनच बक्षिसाची ढाल घेताना त्याची पोटरी मला टेकली आणि तो हातभर उडाला. लोकांना तो आनंद वाटला.

मित्रांनो, माझ्या पोटाला खुशाल हसा. पण जुनी वस्तू फेकण्याआधी, ती अशी का घडवली, एवढं विचारा.

जीनतने बाह्या पुन्हा शिवल्या आहेत. अंगठ्याचा तो डाग मात्र ती कुणाला धुऊ देत नाही.